समजून घ्या : विदर्भाची सुट्टी जूनपर्यंत, मग सिंधुदुर्ग किल्ल्याची बोट बंद का?

धामणगाव किंवा वर्ध्याहून रेल्वे पकडायची, मजल-दरमजल मालवण गाठायचं आणि सिंधुदुर्ग किल्ला किनाऱ्यावरूनच पाहून परतायचं. जूनमध्ये कोकणात जाणाऱ्या यवतमाळकरांवर ही वेळ येऊ शकते.

बोटी कधी बंद असतात?
किल्ला कुरटे बेटावर आहे, बोटीशिवाय जाता येत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळतो, म्हणून २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी बोटी बंद असतात.

विदर्भालाच फटका का?
उन्हामुळे आपल्याकडे शाळा उशिरा उघडतात. २०२५ मध्ये राज्यात इतरत्र १६ जूनला, तर विदर्भात २३ जूनला शाळा सुरू झाल्या. त्यामुळे जूनमधली सहल सोयीची वाटते, खोल्याही स्वस्त मिळतात. पण बोट नसते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असल्याने ताजी मासळीही कमी मिळते. पावसाळी वेळापत्रक लागू झालं की कोकण रेल्वेचा वेगही कमी होतो.

हे फक्त इथेच आहे का?
नाही. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर हिवाळ्यात बोटींच्या फेऱ्या घटतात, अनेक हॉटेलं बंद असतात.

मग काय करावं?
किल्ला पाहायचाच असेल तर २५ मेपर्यंत किंवा दिवाळीच्या सुट्टीत जा. जूनमध्येच जायचं असेल तर रस्त्याने गाठता येणारा विजयदुर्ग निवडा. खोलीचे पैसे भरण्याआधी मात्र एक प्रश्न नक्की विचारा : त्या तारखेला बोट सुरू आहे का?