किल्ली खिशात, मगच हात यंत्रात

ज्वारी निघाली की कडब्याची गंजी लागते आणि उन्हाळाभर घरोघरी कडबा कुट्टी चालते. मशीन तुंबते, पात्याची धार जाते, पट्टा घसरतो. नेमकी त्याच वेळी लाइट जाते. मग आपण म्हणतो, "लाइट गेलीच आहे, तेवढ्यात उघडून घेऊ."

शेतकरी भावांनो, बोटे आणि जीव जातात ते या एका वाक्यापायी. लाइट गेल्याने मशीन थांबते, बंद होत नाही. बटण चालूच राहिले असेल किंवा स्टार्टरला ऑटो स्विच बसवलेला असेल, तर वीज आल्याबरोबर पाते फिरू लागते. वीज काही सांगून येत नाही. विहिरीवरच्या मोटारीचेही तेच. ज्या फीडरवर अजून रात्रीची पाळी आहे, तिथे तर अंधार, ओली जमीन, अनवाणी पाय आणि जोडीला कोणी नाही, अशी सगळी तयारी मृत्यूने आधीच करून ठेवलेली असते.

यावरचा उपाय शोधायला लांब जायला नको. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत आपल्याच गावची पोरे कामाला आहेत, त्यांना विचारा. चांगल्या कारखान्यात यंत्र उघडण्याआधी स्विच पाडतात, त्याला कुलूप घालतात, 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवतात आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात राहते. तिघे काम करीत असतील तर तीन कुलपे. शेवटचा माणूस बाजूला झाल्याशिवाय साहेबालाही यंत्र सुरू करता येत नाही. अमेरिकेत १९८९ साली कारखान्यांसाठी हा नियमच झाला. तोच पोरगा सुटीला गावी येतो आणि विहिरीवरची पेटी उघड्या हाताने खोलतो. वीज तर दोन्हीकडे तीच, तीन फेजची, चारशे व्होल्टच्या वरची.

दोष आमचाही आहे. आम्ही शेतीची पदवी घेतली, बोंडअळीचे जीवनचक्र तोंडपाठ केले. पण मोटारीची पेटी उघडण्याआधी काय करावे, हे आम्हाला कोणी शिकवले नाही आणि आम्हीही विचारले नाही. म्हणून आज जे शिकलो ते सांगतो.

मेन स्विच स्वतःच्या हाताने पाडा. तिन्ही किटकॅट काढून खिशात घाला. मोटार किंवा कुट्टी दुरुस्त करायची असेल तर पेटीला कुलूप लावा. टेस्टर आधी चालू लाइनवर पेटतो का ते पाहा, मगच तो बंद केलेल्या तिन्ही फेजवर लावा. बिघडलेला टेस्टर कुठेच पेटत नाही. पेटीत कपॅसिटर असेल तर वीज तोडल्यावरही त्यात काही काळ वीज साठून राहते. थोडे थांबा, आणि तरीही त्याच्या टोकांना हात लावू नका. कुट्टीचे चाक पूर्ण थांबू द्या, पट्टा उतरवा, मग पात्याला हात घाला. एक मात्र पक्के ध्यानात ठेवा: मेन स्विच पाडला तरी खांबावरून त्यात येणारी वायर जिवंतच असते. बिघाड तिथे असेल तर ते आपले काम नव्हे.

डीपीही आपले काम नव्हे. खालचे फ्यूज काढले तरी माथ्यावर अकरा हजार व्होल्ट असतात. एबी स्विच पाडला तरी त्याचे एखादे पाते चिकटून राहू शकते. यावर शेतकरी विचारील, "लाइनमन येत नाही, पीक वाळते, मग चढायचे नाही तर करायचे काय?" प्रश्न रास्त आहे. पण डीपी आणि लाइन सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी वीज कंपनीची आहे. ते काम आपण फुकटात आणि जिवावर उदार होऊन केले की कंपनीची सुटका होते. पुढे अपघात झाला तर 'विनापरवाना चढला' असा शेरा मारून मोकळे व्हायला कागद तयारच असतो. म्हणून तक्रार लेखी द्या, नंबर घ्या, आणि एकट्याने न जाता त्या डीपीवरच्या सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून जा.

आणि अपघात घडलाच तर गप्प बसू नका. वीज अधिनियम २००३ च्या कलम १६१ नुसार विजेच्या अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते. पंचनामा आणि शवविच्छेदन झालेच पाहिजे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २०२३ पासून विजेच्या धक्क्याने मृत्यू आल्यास वारसाला २ लाख रुपयांची तरतूद आहे. हे पैसे घराला पुरणारे नाहीत, पण हक्काचे आहेत.

जिल्हा बैठकीत आम्ही एकच ठराव मांडतो. प्रत्येक मोटारीच्या आणि कुट्टीच्या पेटीला एक कुलूप, आणि दुरुस्ती चालू असेतो किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात. यासाठी सरकारचा आदेश नको, अनुदान नको, कोणाची वाट पाहणेही नको. कंपनीशी भांडायचे आहेच. पण भांडायला माणूस शिल्लक राहिला पाहिजे.