आयात चालते, निर्यात नाही!

ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये परदेशातून आणलेल्या खेळाडूला एक सरळ नाव आहे : ‘इम्पोर्ट’. तेथील राष्ट्रीय लीग १९७९ मध्ये सुरू झाली. प्रत्येक संघाला असे आयात खेळाडू ठरावीक संख्येतच घेता येतात आणि त्यांतील बहुतेक अमेरिकेतून येतात. हंगामापुरता करार, राहण्याची सोय, ठरलेला मेहनताना; आणि कामगिरी घसरली तर हंगाम संपण्याची वाटही न पाहता परतीचे तिकीट. माणसाला साखरेच्या पोत्याप्रमाणे ‘आयात’ म्हणावे हे कोणाही सहृदय माणसाला खटकेल. परंतु शब्द जितका उघडा तितकाच व्यवहारही उघडा आहे. श्रम कोणाचे, मोल किती, मुदत कधी संपणार, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. दक्षिण रेल्वेत नोकरी करणारी केरळची गीतू ॲना जोस मेलबर्नच्या रिंगवूड हॉक्सकडून खेळून आली. वाराणसीच्या विशेष भृगुवंशीला २०१७ मध्ये ॲडलेडच्या संघाने करारबद्ध केले. या दोघांपैकी कोणालाही ऑस्ट्रेलियाला जाण्यापूर्वी भारतीय बास्केटबॉलचा राजीनामा द्यावा लागला नाही.

भारतीय क्रिकेटपटूला तो द्यावा लागतो. अर्थात तो पुरुष असेल तर.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा दंडक असा की, देशातील क्रिकेटशी ज्याचे नाते शिल्लक आहे अशा कोणाही पुरुष खेळाडूने परदेशातील व्यापारी टी-ट्वेंटी लीगमध्ये खेळू नये. त्यासाठी लागणारे ना-हरकत प्रमाणपत्र मंडळ देत नाही. ज्याला जायचे असेल त्याने आधी निवृत्त व्हावे, आयपीएलवरही पाणी सोडावे, मग खुशाल जावे. इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटला मंडळाची हरकत नाही. चेतेश्वर पुजारा ससेक्सकडून धावा काढीत असे तेव्हा मंडळाला आनंदच होई, कारण कौंटीच्या चार दिवसांच्या सामन्यामुळे आयपीएलच्या पेठेतील एकही गिऱ्हाईक कमी होत नाही. म्हणजे हरकत परदेशगमनाला नाही आणि थकव्यालाही नाही. हरकत आहे ती प्रतिस्पर्धी दुकानाला.

आता याच मंडळाचे आयातीचे धोरण पाहा. २००८ पासून आयपीएलच्या प्रत्येक संघात चार परदेशी खेळाडू मैदानात उतरू शकतात. २०२३ च्या डिसेंबरात झालेल्या लिलावात सर्वांत मोठी बोली लागली ती ऑस्ट्रेलियाच्या मिचेल स्टार्कवर, २४ कोटी ७५ लाख रुपयांची. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने त्याला आधी देशाचा राजीनामा मागितला नाही. आपल्या पेठेत जगातल्या कोणीही श्रम विकावेत, आपल्या माणसांनी मात्र दुसऱ्या पेठेत पाऊल टाकू नये, या व्यवस्थेला अर्थशास्त्रात मुक्त व्यापार म्हणत नाहीत आणि राष्ट्रप्रेमही म्हणत नाहीत. विकणारे अनेक आणि घेणारा एकच, अशा बाजारात घेणाऱ्याची मक्तेदारी असते. श्रमाचे मोल तोच ठरवतो आणि ते नाकारणाऱ्याला घरी बसवण्याची सत्ताही त्याच्याच हाती असते.

काही समाजवादी मित्र विचारतील, लिलावात उभ्या राहणाऱ्या क्रिकेटपटूंसाठी अश्रू ढाळण्याचे कारण काय? प्रश्न रास्त आहे. पण वेठबिगार आणि मजूर यांच्यात पहिला फरक कोणता, तर मजुराला काम सोडून दुसऱ्या दारी जाता येते. संप, संघटना, किमान वेतन हे सारे त्याच्या नंतर येते. सोलापूरकरांना हे निराळे शिकवावयास नको. या शहराचा यंत्रमाग ज्यांच्या हातांवर उभा राहिला ते पद्मशाली विणकर तेलंगणातून आले. तेथे मागाला काम उरले नाही, येथे ते होते, म्हणून आले. निघताना त्यांना कोणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागले नाही. ते लागते तर सोलापुरी चादरीचा आजचा इतिहास कोणी विणला असता?

क्रिकेटपटूंनी पोटासाठी परदेशी जाणे ही काही आयपीएलच्या काळातील फॅशन नव्हे. विशेष म्हणजे ज्या गावांनी त्यांना प्रथम नेले ती सोलापूरसारखीच गिरण्यांची गावे होती. हॅस्लिंग्डेन, रिश्टन, रॉटनस्टॉल, नेल्सन ही लँकेशायरमधील नावे आज येथे कोणाला सांगून कळणार नाहीत. सूतगिरण्यांच्या धुराने काळवंडलेल्या या गावांचे क्लब एक-एक व्यावसायिक खेळाडू पगारी ठेवीत. बाकीचे सारे हौशी, त्यांत गिरणीतले आणि दुकानातले गावकरी. १९२९ मध्ये नेल्सनने वेस्ट इंडीजच्या लिअरी कॉन्स्टंटाइनला आणले आणि तो तेथे नऊ हंगाम खेळला. सांगलीचा विजय हजारे रॉटनस्टॉलला गेला, मुंबईचा सुभाष गुप्ते रिश्टनला.

ते जीवन सुखाचे होते असे म्हणण्याचे कारण नाही. शनिवारच्या सामन्यात बळीही त्यानेच घ्यायचे, धावाही त्यानेच काढायच्या, आणि आठवड्यातल्या संध्याकाळी गावच्या पोरांना शिकवायचेही त्यानेच. मे महिन्यातही बोटे गारठवणारी हवा, अळणी अन्न आणि दिवसभर मराठीचा एक शब्द कानी न पडणे. सामना गेला की दोष पगारी माणसाचा, कारण पैसे त्यालाच दिलेले. पण त्याने पन्नास धावा केल्या की प्रेक्षकांत टोपी फिरे आणि गिरणी कामगार आपल्या मजुरीतली नाणी तिच्यात टाकीत. श्रमिकाच्या कौशल्याची श्रमिकाने केलेली ती कदर होती. जुनी गिरणी बंद होऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला तरी तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसे सोलापुरात अजून सापडतील. त्यांना त्या टोपीचा अर्थ समजेल.

आणि त्या काळी मंडळ काय करीत होते? १९५२ मध्ये भारतीय संघ इंग्लंडला जाणार होता. विनू मंकडला हॅस्लिंग्डेनचे बोलावणे आले होते. त्याने मंडळाकडे एवढेच मागितले की, दौऱ्यासाठी आपली निवड होईल याची हमी द्या, म्हणजे हे काम सोडतो. हमी नाकारण्यात आली. मंकडने क्लबचा करार केला. दौऱ्यातील पहिल्याच कसोटीत, लीड्सला, दुसऱ्या डावात भारताचे चार फलंदाज एकही धाव फलकावर लागण्यापूर्वी बाद झाले. तेव्हा तेच मंडळ हॅस्लिंग्डेनच्या दारी विनंती घेऊन गेले. क्लबने मोठ्या मनाने त्याला सोडले. लॉर्ड्सवर मंकडने ७२ आणि १८४ धावा काढल्या आणि एकाच डावात ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. सामना भारत हरला. परंतु खेळाडूला मुदतीची हमी कोणी दिली आणि कोणी दिली नाही, याचा निकाल त्याआधीच लागला होता.

सत्तर वर्षांत मंडळ गरिबाचे कुबेर झाले. हमीच्या बाबतीत ते होते तेथेच आहे.

येथे एक उदाहरण सोलापूर जिल्ह्यातले आहे आणि ते मंडळाच्या धोरणाविरुद्ध सर्वांत बोलके आहे. मिरे गावची किरण नवगिरे ही भालाफेक, गोळाफेक करणारी मुलगी. क्रिकेटकडे ती उशिराच वळली. महाराष्ट्राच्या संघात जागा मिळण्याची वाट पाहत न बसता ती नागालँडकडून खेळावयास गेली. बाहेरच्या राज्यातून व्यावसायिक खेळाडू घेण्याची ईशान्येकडील संघांना मुभा आहे आणि ती मंडळाच्याच नियमांनी दिलेली आहे. नागालँडकडून खेळताना २०२२ मध्ये तिने अरुणाचल प्रदेशाविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा काढल्या. टी-ट्वेंटी सामन्यात दीडशेच्या पुढे जाणारी ती पहिली भारतीय, स्त्री-पुरुषांत मिळून. त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगमध्ये ३० लाखांना निवडली गेली, तेव्हाही तिच्या बॅटला पुरस्कर्ता नव्हता. बॅटवर तिने स्वतःच्या हाताने धोनीची आद्याक्षरे आणि त्याचा क्रमांक लिहिला होता. सोलापूरची मुलगी नागालँडची ‘आयात’ झाली म्हणून भारताला मिळाली. पुढे ती महाराष्ट्राकडूनही खेळली. तिच्या जाण्याने महाराष्ट्राचे काय बुडाले?

सोलापूर ते दिमापूर हे चालते, मग मुंबई ते मेलबर्न का चालू नये? गंमत अशी की, स्त्रियांच्या बाबतीत मंडळाने तेही चालू दिले आहे. २०१६ मध्ये हरमनप्रीत कौर सिडनी थंडरकडे आणि सांगलीची स्मृती मानधना ब्रिस्बेन हीटकडे गेली. ऑस्ट्रेलियातील महिला बिग बॅशच्या त्या पहिल्या भारतीय आयात. दुसऱ्याच वर्षी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात हरमनप्रीतने त्याच ऑस्ट्रेलियाला नाबाद १७१ धावांचा तडाखा दिला. २०२१ मध्ये स्मृतीने सिडनी थंडरकडून ६४ चेंडूंत नाबाद ११४ धावा काढल्या. ज्यांच्याशी लढायचे त्यांच्यात राहून, त्यांच्या खेळपट्ट्यांवर, त्यांच्या सरावाच्या पद्धतीने खेळून या मुली कणखर झाल्या, हे मंडळाचे कैवारीही नाकारीत नाहीत. पण ही मुभा स्त्रियांना मिळाली ती मंडळाच्या पुरोगामीपणामुळे नव्हे. त्या वेळी स्त्रियांची लीगच नव्हती. त्यांच्या श्रमाला मंडळाच्या हिशेबात किंमत नव्हती. जे आपल्या दुकानात विकावयाचे नाही ते दुसऱ्याने नेले तर नेऊ दे, असा तो विचार. आता लीग आली आहे. ही मुभा उद्या टिकते का, याकडे लक्ष ठेवणे बरे.

पुरुषांपैकी ज्यांनी वाट चोखाळली त्यांचे काय झाले? उन्मुक्त चंदने २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातच, टाउन्सव्हिलला, एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात यजमानांविरुद्ध नाबाद १११ धावा काढून चषक आणला. वरिष्ठ भारतीय संघात त्याला कधीच स्थान मिळाले नाही. नऊ वर्षे वाट पाहून, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने भारतीय क्रिकेटमधून निवृत्ती घेतली. तेव्हा कुठे तो मेलबर्न रेनेगेड्सकडून खेळणारा, पुरुषांच्या बिग बॅशमधला पहिला भारतीय ठरला. चषक आणणारा मुलगा त्याच देशात कामाला जाण्यासाठी स्वदेशाच्या खेळाला मुकला.

मुंबईच्या प्रवीण तांबेची कथा याहून विषण्ण करणारी आहे. कांगा लीगच्या चिखलात उमेदवारी करून हा लेगस्पिनर एकेचाळिसाव्या वर्षी, २०१३ मध्ये, आयपीएलमध्ये पोचला. २०१८ मध्ये निवृत्ती जाहीर करून तो शारजात दहा षटकांच्या स्पर्धेत खेळला आणि पुढे त्याने निवृत्ती मागे घेतली. २०१९ च्या लिलावात कोलकात्याने त्याला २० लाखांना घेतले, आणि शारजातील त्या स्पर्धेपायी तो अपात्र ठरला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाने चार सामने बाहेर खेळले म्हणून आयपीएलचे सिंहासन डळमळणार होते! २०२० मध्ये तो त्रिनिदादच्या संघाकडून कॅरिबियन लीगमध्ये खेळला, तेथे खेळणारा पहिला भारतीय म्हणून, आणि तो संघ विजेता झाला. त्रिनिदादशी मुंबईच्या लेगस्पिनरचे नाते जुनेच. मंडळाने १९६१-६२ नंतर ज्याला पुन्हा कधी खेळवले नाही तो सुभाष गुप्ते तेथेच स्थायिक झाला आणि २००२ मध्ये तेथेच वारला.

मंडळाच्या बाजूने जे सांगितले जाते त्यातला एक मुद्दा खरा आहे. बिग बॅश डिसेंबर-जानेवारीत असते आणि तेव्हा आपला रणजी-मुश्ताक अलीचा हंगाम चालू असतो. राज्याच्या संघात निवडलेल्या खेळाडूने तो संघ वाऱ्यावर सोडावा असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याची निवडच झाली नाही त्याचे काय? साधा हिशेब करावा. रणजीत ३८ संघ. प्रत्येकी पंधरा खेळाडू धरले तरी ५७० होतात. आयपीएलमध्ये दहा संघ, प्रत्येकी जास्तीत जास्त पंचवीस, म्हणजे २५०. त्यांतही प्रत्येक संघात आठ परदेशी असू शकतात. सर्व जागा भरल्या आणि परदेशी पुरे घेतले तर भारतीयांना उरतात १७०. निदान चारशे कुशल कारागीर आयपीएलच्या दाराबाहेर राहतात. रणजीत दिवसाला चाळीस ते साठ हजार रुपये मिळतात हे खरे. पण ते खेळलेल्या दिवसांचे, आणि असे दिवस वर्षात थोडे. अंतिम अकरांत नसणाऱ्याला निम्मे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. त्या बाजाराच्या रक्षणासाठी या चारशेजणांनी घरी बसावे, हा कोणता न्याय? २०२० मध्ये सुरेश रैना आणि इरफान पठाण यांनी जाहीरपणे एवढेच सुचवले होते की, मंडळाचा करार नसलेल्यांना तरी बाहेर जाऊ द्या. त्या सूचनेचे काही झाले नाही.

कायद्याकडे पाहावे तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ कोणालाही वैध व्यवसाय करण्यास प्रतिबंध करणारा करार निरर्थक ठरवते. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातील केरी पॅकरच्या सर्कशीत गेलेल्या खेळाडूंवर इंग्लंडमध्ये बंदी घातली गेली, तेव्हा टोनी ग्रेग न्यायालयात गेला आणि ही बंदी व्यवसायावरील अवाजवी निर्बंध आहे असा निर्णय मिळवून आला. आपल्याकडे २००७ मध्ये इंडियन क्रिकेट लीगमध्ये गेलेल्यांवर मंडळाने बहिष्कार टाकला आणि दोन वर्षांनी ‘माफी’ दिली. माफी! काम केल्याबद्दल कामगाराने मालकाची माफी मागावी, आणि मालकाने ती उदारपणे द्यावी.

मागणी अवास्तव नाही. ज्या खेळाडूशी मंडळाचा वार्षिक करार नाही, आयपीएलचा करार नाही आणि त्या काळात ज्याची राज्याच्या संघात निवड झालेली नाही, त्याला परदेशी लीगसाठी ना-हरकत प्रमाणपत्र हक्क म्हणून मिळावे. नाकारायचे असेल तर पंधरा दिवसांत लेखी कारण द्यावे. सोलापूरने भारताला पॉली उम्रीगर दिला, पण त्याचे सारे क्रिकेट मुंबईत घडले. पार्क मैदानावर आज सराव करणारी मुलेही कुठे ना कुठे ‘आयात’ झाल्यावाचून पोट भरू शकणार नाहीत. जिल्ह्याची संघटना महाराष्ट्र क्रिकेट संघटनेशी संलग्न आहे आणि ती संघटना नियामक मंडळाची सभासद आहे. पुढील सर्वसाधारण सभेत सोलापूरच्या प्रतिनिधीने हा ठराव मांडावा. तो फेटाळला गेला तर निदान कोणी फेटाळला हे इतिवृत्तात येईल.