आईचं मशीन आणि ‘हम पांच’ची राधिका

गेल्या विकांताला नांदेडला होतो. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी सातला आयटीआय कॉर्नरला उतरायचं, घरी जाऊन पोहे हाणायचे आणि मग दिवसभर काहीही करायचं नाही, असा माझा नांदेडच्या विकांताचा ठरलेला कार्यक्रम असतो. यावेळी भाचा पण आला होता. वय वर्षं बारा, दिवसभर मोबाईलमध्ये डोकं. त्याला ‘आमच्या वेळी काय भारी मालिका असायच्या’ हे दाखवायची मला हौस आली. (हे वाक्य तोंडातून निघालं की आपण म्हातारे झालो असं समजावं. असो.) टीव्हीवर तू-नळी लावली, आईला पण बोलावलं आणि ‘हम पांच’ काढलं.

ज्यांचा जन्मच उशिरा झाला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘हम पांच’ १९९५मध्ये झी टीव्हीवर सुरू झाली. आपला अशोक सराफ म्हणजे आनंद माथूर. दुसरं लग्न झालेला, पाच पोरींचा बाप, पोरींनी आणि बायकोनं जेरीस आणलेला. पहिली बायको वारलेली आहे, पण भिंतीवरच्या तसबिरीतून ती नवऱ्याशी बोलते, त्याला टोमणे मारते. ती प्रिया तेंडुलकर. पाच पोरींपैकी काजलभाई पोरांचे कपडे घालून दादागिरी करणारी आणि राधिका कमी ऐकू येणारी. राधिकाच्या कानाला मशीन. सुरुवातीला राधिकाचं काम विद्या बालननं केलं होतं, नंतर अमिता नांगिया आली. राधिकाचा विनोद सोपा होता. समोरचा एक बोलतो, ती भलतंच ऐकते आणि भलत्याचंच उत्तर देते. मागून हशा.

आम्ही हसत होतो. तेवढ्यात आईनं विचारलं, “काय म्हणली रे ती?”

भाचा पटकन म्हणाला, “आजी, तू पण राधिकाच!”

आणि आम्ही तिघंही हसलो. आई पण हसली. खरंच हसली, मी बघत होतो.

आता यातली गोम सांगतो. आईला दोन वर्षांपूर्वी मशीन घेतलंय. चांगलं घेतलंय, माझ्या पहिल्या लॅपटॉपपेक्षा महाग. पण ते असतं कपाटाच्या ड्रॉवरमध्ये. विचारलं की कारणं तयार. भांड्यांचा आवाज लई येतो, शिट्टी वाजते, सेल संपला. कारणं खोटी नाहीत. मशीन चष्म्यासारखं नसतं. चष्मा लावला की दिसतं, पण मशीन लावलं की सगळंच मोठं ऐकू येतं, त्यातून हवं ते निवडायला डोक्याला पुन्हा शिकावं लागतं. त्या दिवशी तिनं मी आलोय म्हणून लावलं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारी वास्तुशांतीचं जेवण होतं, तिकडे जाताना मात्र ते पुन्हा ड्रॉवरमध्ये गेलं. मी म्हटलं, “लाव की.” तर म्हणाली, “कामून? चार बाया बघतेत.”

बसमध्ये रात्रभर हेच डोक्यात. ‘हम पांच’ माझी लाडकी मालिका. मग आज खटकतंय ते नक्की काय?

या विषयावर सध्या दोन पार्ट्या आहेत. एक पार्टी म्हणते की तेव्हा लोक खिलाडू वृत्तीचे होते, आता कुणाच्याही भावना कशानंही दुखावतात. दुसरी म्हणते की ते सगळंच वाईट होतं, काढून टाका. मला दोन्हीकडे तिकीट मिळत नाही. :)

पहिल्या पार्टीला माझा एक प्रश्न आहे. खिलाडू नक्की कोण होतं? मी नांदेडात वाढलो. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींचं निधन इथंच झालं. सचखंड हुजूर साहिब शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. पिढ्यानपिढ्या इथं राहणारे शीख आहेत, आपल्यासारखीच मराठी आणि दखनी हिंदी बोलणारे. माझ्या वर्गात एक शीख मुलगा होता. रोज दुपारी बाराच्या घंटेला कुणीतरी ‘बारा वाजले’ म्हणायचं आणि वर्ग हसायचा. मी पण हसायचो. तो पण हसायचा. म्हणून आम्हाला वाटायचं, काय खिलाडू आहे राव. दहावीच्या सेंडऑफला तो सहज म्हणाला, “दहा वर्षं झाले, रोजच बारा वाजतेत बे. काहीतरी नवीन काढा की.” तेव्हा पण आम्ही हसलोच. त्याचा अर्थ कळायला मला अजून बरीच वर्षं लागली.

ती समज आली २०१६ साली. माझं आजोळ लातूर. त्या वर्षीचा दुष्काळ आठवत असेल. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. टीव्हीवर दिवसभर तीच गाडी. आणि ऑफिसमध्ये मी एकटा लातूरशी संबंध असलेला. मग रोज सकाळी, “काय रे, आज आंघोळ झाली की गाडी लेट आहे?” बोलणारे वाईट नव्हते, माझे मित्रच होते. मी हसायचो. त्याच आठवड्यात मामाचा फोन आला होता की टँकर कधी येईल याचा नेम नाही, मामी रात्री दोनला उठून रांगेत उभी राहते. हे मी ऑफिसात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ‘जोक पण कळत नाही याला’ असं झालं असतं. तेव्हा पहिल्यांदा मला तो बाराचा टोल आतून ऐकू आला.

म्हणजे हसणारा माणूस खिलाडू असतो असं नाही. कधीकधी त्याच्याकडे हसण्यावाचून दुसरं काही नसतं.

आता दुसरी पार्टी, ‘काढून टाका’वाली. त्यांच्याशी पण माझं जमत नाही, आणि त्याचं कारण ‘जबान संभालके’. १९९३ची दूरदर्शनवरची मालिका. पंकज कपूर हिंदीचा मास्तर आणि वर्गात देशभरातले विद्यार्थी, जो तो आपापल्या भाषेच्या वळणानं हिंदीचं भरीत करणारा. मूळ कल्पना ‘माइंड युवर लँग्वेज’ या १९७७च्या ब्रिटिश मालिकेची. त्यात सगळे परदेशी इंग्रजी शिकायला येतात आणि एकेका देशाचा एकेक नमुना असतो. पगडीवाला रणजीत सिंग पण आहे. लोकप्रिय असूनही १९७९मध्ये चॅनेलच्या मायकेल ग्रेड या अधिकाऱ्यानं ती बंद केली, कारण त्याला ते वांशिक साचे आक्षेपार्ह वाटले.

आपल्या ‘जबान संभालके’मध्ये मराठी माणूस होता विठ्ठल बापूराव पोटे. विजू खोटेंनी केलेला. त्याचं मराठी वळणाचं हिंदी ऐकून आम्ही घरात लोळून हसायचो, कुणाला राग आला नाही. उलट ‘आपला माणूस आला’ म्हणून आवाज मोठा करायचो. मग रणजीत सिंग बघताना ब्रिटनमधल्या एखाद्या शीख पोराला हेच वाटत असेल का? मला नाही वाटत. विनोद तर तोच आहे, मग फरक कुठे पडला?

माझ्या मते (चू.भू.द्या.घ्या.) फरक संख्येत आहे. टीव्ही बंद करून मी बाहेर पडलो की मला शंभर प्रकारची मराठी माणसं दिसत होती. मास्तर, कलेक्टर, रिक्षावाला, नाटकातला नायक, बातम्या देणारी बाई. त्यात एक पोटे वेंधळा असला तर काय बिघडलं? पोटे म्हणजे मराठी माणूस असं कुणी म्हणणार नव्हतं. पण वर्गात शीख मुलगा एकच असेल आणि टीव्हीवरचा शीख पण एकाच साच्यातला असेल, तर तो साचा थेट त्या पोराच्या डोक्यावर येऊन बसतो. ऑफिसात लातूरचा मी एकटा होतो, म्हणून अख्खं लातूर माझ्या अंगाखांद्यावर.

राधिकाचं हेच झालं. घराघरात बघितल्या जाणाऱ्या मालिकांमध्ये ऐकू न येणारी दुसरी मुलगी मला तरी आठवत नाही. मशीन लावून नोकरीला जाणारी नाही, भांडणारी नाही, प्रेमात पडणारी नाही. एकटी राधिका. म्हणून पंचवीस-तीस वर्षांनी, ‘हम पांच’ आयुष्यात पहिल्यांदा बघणाऱ्या बारा वर्षांच्या पोराला पाच मिनिटांत आजीसाठी नाव सापडलं.

याच्या उलटचं उदाहरण आपल्याच मराठवाड्यात आहे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. प्रा. लक्ष्मण देशपांडे तेव्हाच्या औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. १९७९पासून ते हा एकपात्री प्रयोग करत होते. एक माणूस आणि बावन्न पात्रं. खेडवळ, अडाणी, भांडखोर, विमानात बसल्यावर घाबरणारी. नुसत्या यादीवरून वाटेल, अरे, ही तर मराठवाड्याची टिंगल. पण आमच्याकडे लोक कॅसेटची फीत घासेपर्यंत ते ऐकायचे. बोली आपली, बोलणारा आपला, हे तर आहेच. पण त्याहून मोठं कारण म्हणजे ती बावन्न आहेत. त्यात शहाणा आहे, बेरकी आहे, भाबडा आहे. ‘मराठवाड्याचा माणूस’ असा एकच नमुना त्यातून काढताच येत नाही. पुण्या-मुंबईच्या मालिकेत ‘काय करलालास’ म्हणणारा एकच असतो आणि तो हमखास घरगडी असतो, तिथे मात्र माझं डोकं फिरतं.

‘हम पांच’मधलीच तसबिरीतली बायको घ्या. मेलेल्या बायकोवर विनोद म्हणजे खरं तर केवढा नाजूक विषय! पण तो आजही खटकत नाही, कारण तिला उत्तर देता येतं. बहुतेक वेळा शेवटचं वाक्य तिचंच असतं.

कायद्यानं हे सुटेल का? सरदारजींवरच्या विनोदांना आळा घाला अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. लोकांनी कसं वागावं याचे नैतिक नियम आम्ही घालून देऊ शकत नाही, असं न्यायालयानं फेब्रुवारी २०१७मध्ये सांगितलं. जुलै २०२४मध्ये ‘आंख मिचोली’ सिनेमाच्या खटल्यात तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठानं सिनेमावर कारवाई केली नाही, पण एक फरक मात्र नीट मांडला. अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद वेगळा आणि त्या माणसाला कमी लेखणारा वेगळा. मला हे पटतं. फक्त घरी टीव्हीसमोर बसल्यावर ही रेष आखायला न्यायाधीश येत नाहीत, ती आपल्यालाच आखावी लागते.

आमच्या धंद्यात जुना कोड असतो. लिहिणारा कधीच सोडून गेलेला, पण सगळी सिस्टीम त्याच्यावर चालते. नवीन पोरगं येतं आणि म्हणतं, हे सगळं उडवून नव्यानं लिहू. जुना माणूस म्हणतो, चाललंय ना, हात लावू नका. दोघंही ‘हा कुणासाठी चालत नाहीये?’ हे विचारत नाहीत. जुन्या मालिका मला तशाच बघायच्यात. काटछाट न करता, पण हा प्रश्न विचारत. आणि नवीन लिहिणाऱ्यांनी राधिका गाळू नये, अजून दहा राधिका आणाव्यात. एक खडूस, एक हुशार, एक प्रेमात पडलेली. मग त्यातली एखादी भलतंच ऐकू दे की, आम्ही पोटेवर हसलो तसं हसू.

लेख इथंच संपवणार होतो. पण परवा आईला फोनवर हे सगळं सांगितलं. म्हटलं, त्या दिवशी आम्ही तुला हसलो, वाईट वाटलं का? तिला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही. “काय?” म्हणाली. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “काही नाही, राहू दे.”

मग तीच म्हणाली, “तिच्या घरचे निदान पुन्ना सांगतेत तरी. तू लगेच ‘राहू दे’ म्हणतूस.”

मी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. मोठ्यानं. ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो, चार लोक बघत होते.