नुसते ‘न्यूमोनिया’ लिहून भागत नाही



डिस्चार्ज कार्डावर किंवा मृत्यूच्या प्रमाणपत्रावर ‘न्यूमोनिया’ एवढा एकच शब्द असला, की त्या नोंदीला जे १८.९ हा कोड मिळतो. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, त्याचा अर्थ ‘न्यूमोनिया, तपशील नाही’ असा होतो. निदान खोटे नसते. पण रोग कशाने झाला, कुठे जडला आणि कोणत्या मूळ आजारातून आला, यातले काहीच त्या नोंदीतून कळत नाही. हा दोष बहुतेक वेळा रेकॉर्ड विभागात कोड देणाऱ्यांच्या माथी मारला जातो. वास्तविक तो केसपेपर लिहिताना घडतो आणि तिथेच दुरुस्त व्हायला हवा.

वर्गीकरणात तपशिलाला पुरेशी जागा आहे. विषाणूजन्य न्यूमोनिया जे १२ मध्ये, न्यूमोकोकसमुळे झालेला जे १३ मध्ये आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झामुळे झालेला जे १४ मध्ये येतो. इतर जिवाणूंसाठी जे १५ आहे. त्यात क्लेब्सिएला, स्युडोमोनास, स्टॅफिलोकॉकस यांना स्वतंत्र उपक्रमांक आहेत. अन्न किंवा उलटी श्वासनलिकेत गेल्याने होणारा न्यूमोनिया जे ६९.० मध्ये, जन्मजात न्यूमोनिया पी २३ मध्ये, तर गोवरातून उद्भवलेला बी ०५.२ मध्ये मोडतो. फुफ्फुसाचा क्षय तर ए १५ आणि ए १६ या वेगळ्याच गटांत आहे. जंतू कळला नसेल तेव्हाच जे १८ कडे वळायचे असते.

या फरकांवर सार्वजनिक आरोग्याचे निर्णय अवलंबून असतात. बालकांसाठीची न्यूमोकोकल लस भारताने २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आणली आणि २०२१ मध्ये ती देशभर नेली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘न्यूमोसिल’ ही देशी लस २०२० च्या डिसेंबरात आली. लसीमुळे न्यूमोकोकसचे रुग्ण किती घटले, हे रुग्णालयांच्या नोंदींतून पाहायचे तर ते जे १३ खाली नोंदलेले असावे लागतात. सगळेच जे १८.९ मध्ये जमा झाले, तर लसीचा परिणाम त्या नोंदींत दिसणार कुठून? क्षयरोगाचेही तसेच. २०१२ पासून क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणे बंधनकारक आहे. सुरुवातीला न्यूमोनिया समजून दाखल केलेल्या रुग्णात पुढे क्षय आढळला आणि अंतिम निदान बदललेच नाही, तर तो रुग्ण निदान रुग्णालयाच्या आकडेवारीत तरी न्यूमोनियाचाच राहतो.

सर्वाधिक हानी मृत्यूच्या नोंदीत होते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार रुग्णालयातील मृत्यूचे कारण नमुना ४ मध्ये द्यायचे असते. त्याच्या पहिल्या भागात (अ) ओळीवर तात्कालिक कारण आणि त्याखालच्या ओळींवर त्यामागची कारणे क्रमाने येतात. सर्वांत खाली मूळ कारण. मृत्यूला हातभार लावणारे इतर आजार दुसऱ्या भागात जातात. मेंदूतील रक्तपुरवठा तुटून अर्धांगवायू झालेल्या, गिळता न येणाऱ्या आणि त्यामुळे अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झालेल्या सत्तरीच्या रुग्णाचे उदाहरण घेता येईल. त्याच्या प्रमाणपत्रावर (अ) अन्न श्वासनलिकेत गेल्याने झालेला न्यूमोनिया, चार दिवस. (ब) मेंदूतील इन्फार्क्ट, तीन आठवडे. आणि दुसऱ्या भागात मधुमेह, अशी नोंद हवी. मग मूळ कारण म्हणून पक्षाघात मोजला जातो. त्याऐवजी ‘हृदय व श्वसन बंद पडणे, न्यूमोनिया’ एवढेच लिहिले, तर तोच मृत्यू जे १८.९ मध्ये जातो आणि पक्षाघाताच्या आकड्यातून वगळला जातो. कर्करोग, पक्षाघात, गंभीर दुखापत अशा आजारांनंतरचा न्यूमोनिया त्या आजाराचाच परिणाम मानण्याची मुभा आयसीडीचे नियम देतात. मात्र तो आजार प्रमाणपत्रावर लिहिलेला असेल तरच.

कोविडच्या साथीत हाच प्रश्न ठळकपणे पुढे आला. न्यूमोनिया किंवा श्वसन निकामी होणे ही कोविडमुळे उद्भवलेली स्थिती आहे, मूळ कारण म्हणून कोविडच लिहावा, अशा मार्गदर्शक सूचना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला २०२० मध्ये काढाव्या लागल्या. त्यामागचे तत्त्व नमुना ४ इतकेच जुने आहे आणि ते कोविडपुरते नाही.

संसर्ग कुठे जडला, याचीही नोंद हवी. दाखल झाल्यापासून ४८ तासांनंतर सुरू झालेला न्यूमोनिया रुग्णालयात जडलेला मानला जातो. दाखल होतानाची लक्षणे, ऑक्सिजनचे प्रमाण आणि एक्स-रे यांची तारीख-वेळेसह नोंद नसेल, तर रुग्ण आजार घेऊन आला की तो वॉर्डात किंवा व्हेंटिलेटरवर जडला, हे नंतर ठरवता येत नाही. मग संसर्ग नियंत्रणाचे मोजमापही होत नाही आणि विमा कंपनीने दाव्यावर शंका काढली तर रुग्णाच्या हाती पुरावा राहत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की अनेक रुग्णांत जंतू सापडतच नाही. ते खरे आहे आणि अशा वेळी जे १८.९ हाच योग्य कोड ठरतो. अंदाजाने जंतूचे नाव घालणे त्याहून वाईट. पण ‘थुंकीचे कल्चर केले, जंतू वाढला नाही’ आणि ‘कल्चर केलेच नाही’ यांत मोठे अंतर आहे, आणि ते कागदावर दिसले पाहिजे. दुसरा आक्षेप सरकारी रुग्णालयांतल्या गर्दीचा. तोही खरा आहे. पण एका शब्दाऐवजी दोन ओळी लिहायला लागणारा वेळ हा मोठा अडथळा नाही. खरी अडचण सवयीची आहे. पहिल्या दिवशीचे तात्पुरते निदान शेवटपर्यंत तसेच उतरवले जाते. कल्चरचा अहवाल दोन-तीन दिवसांनी येतो आणि फाइलला नुसता जोडला जातो. डॉक्टरांनी तो वाचून निदानात उतरवल्याशिवाय कोड देणाऱ्याने केवळ अहवालावरून जंतू ठरवायचा नसतो, ही कोडिंगची शिस्त आहे.

उपाय खर्चिक नाहीत. डिस्चार्ज कार्डावर न्यूमोनियासाठी चार रकाने छापावेत: जंतू किंवा तपासणीचा निष्कर्ष, संसर्ग कुठे जडला, मूळ आजार आणि निदानाचा आधार. नमुना ४ भरण्याचा सराव इंटर्नशिपमध्ये सक्तीचा करावा. अपुरी नोंद डॉक्टरांकडे परत पाठवण्याचा अधिकार रेकॉर्ड विभागाला लेखी द्यावा. २०२३ च्या कायदादुरुस्तीने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनामूल्य देणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे रुग्णालयांवर बंधनकारक केले आहे. राज्याच्या आरोग्य विभागाने त्या प्रमाणपत्रांच्या दर्जाची नियमित तपासणी सुरू करावी आणि नातेवाइकांनीही आपली प्रत मागून घेऊन वाचावी.

— एक वाचक