दंडावरचा सेन्सर आणि बोटावरचा थेंब

गणपती आले, शिमगा आला की अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरहून चाकरमानी गावी येतात. येताना पूर्वी कुणी ट्रान्झिस्टर आणला, कुणी मिक्सर आणला. अलीकडे एखादा मुलगा वडिलांच्या दंडावर लावायला साखर मोजणारा सेन्सर घेऊन येतो. नाण्याएवढी चकती, तिच्याखाली केसासारखा बारीक तंतू. एकदा लावला की दहा ते पंधरा दिवस दर काही मिनिटांनी साखरेचा आकडा मोबाइलवर येतो. बोट टोचणे नाही, रक्त काढणे नाही. मुलगा मुलुंडला बसून बापाची साखर बघतो. त्याची माया खरी आहे. परंतु शेतकरी बंधू-भगिनींनो, तो आकडा किती खरा, हे कळल्याशिवाय त्यावर औषध बदलणे धोक्याचे आहे.

मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा रोग, असे आपण म्हणत आलो. ते दिवस गेले. मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेसोबत २०२१ साली केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयाच्या सुमारे १८ टक्के मुंबईकरांची उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त निघाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला आहे. त्यात खेडीही आली. आपल्या वाडीतही इन्सुलिन टोचणारे दोन-चार जण निघतील.

आता हे यंत्र मोजते काय ते पाहू. बोट टोचून येतो तो रक्ताचा थेंब. दंडावरचा सेन्सर रक्त मोजत नाही. कातडीखाली पेशींच्या भोवती जे पाणी असते, त्यातली साखर तो मोजतो. सुपारीच्या बागेत पाट सोडला की पाणी लगेच शेवटच्या झाडाच्या अळ्यात जात नाही, थोडा वेळ लागतो. तसेच इथे आहे. रक्तातली साखर पाट, कातडीखालची साखर अळे. रक्तात बदल झाला की सेन्सरला तो साधारण पाच ते पंधरा मिनिटे उशिरा दिसतो. साखर स्थिर असताना फरक जाणवत नाही. पण जेवल्यावर, नांगर धरल्यावर किंवा इन्सुलिन घेतल्यावर ती भराभर वर-खाली होते. नेमक्या तेव्हाच दोन आकडे जुळत नाहीत.

याशिवाय यंत्राची स्वतःची चूक असते. फ्रीस्टाइल लिब्रे हा सेन्सर २०१४ साली युरोपात आला. त्याच्या पहिल्या आवृत्तीची रक्ताशी तुलना केली तेव्हा सरासरी फरक ११ टक्क्यांच्या आसपास निघाला. नंतरच्या आवृत्त्यांत तो ९ टक्क्यांपर्यंत उतरला. सुधारणा मोठी आहे, पण ही सरासरी झाली. एखादा आकडा त्याहून बराच चुकू शकतो. पहिल्या दिवशी यंत्र अंगाशी जुळलेले नसते. रात्री त्याच दंडावर झोपले तर दाब पडून साखर उगाच कमी दिसते. काही सेन्सरवर 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेतल्याने साखर जास्त दिसते.

मग बोट टोचून मिळालेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ काय? तसेही नव्हे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे घरगुती मीटरचे १०० पैकी ९५ आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत यावेत, आणि साखर १०० च्या खाली असेल तर १५ अंकांच्या आत. म्हणजे खरी साखर २०० असताना चांगल्या मीटरने १७५ दाखवले तरी तो नियमात बसतो. त्यात आपल्या सवयींची भर. आंबा सोलला, फणस फोडला आणि तसेच बोट टोचले, तर मीटर बोटाला लागलेली साखरच मोजतो. पट्ट्यांची डबी उघडी ठेवली, उन्हात गाडीत राहिली, मुदत संपली, की आकडा गेला. अंगात रक्त कमी असेल तर बऱ्याच मीटरवर साखर जास्त दिसते. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आले आहे. माय-भगिनींनी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

आता असे समजा. रात्री दोनला घाटकोपरहून मुलाचा फोन येतो, "बाबा, साखर ५८ दाखवतेय, साखर खा!" बाबा डाव्या कुशीवर, सेन्सरवरच झोपलेले. घाम नाही, थरथर नाही. ते मुकाट्याने साखर खातात. पंधरा मिनिटांनी आकडा अजून कमीच, म्हणून आणखी खातात. सकाळी साखर ३०० वर. मग ती उतरवायला मनानेच जादा इन्सुलिन, आणि दुपारी बांधावर चक्कर! एका आकड्याने केवढा घोळ केला बघा.

ही नुसती कल्पना नव्हे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲबट कंपनीने जाहीर केले की लिब्रे ३ आणि लिब्रे ३ प्लस या सेन्सरपैकी काही साखर आहे त्यापेक्षा कमी दाखवू शकतात. या दोषाशी संबंध असू शकेल अशा ७ मृत्यूंची आणि ७३६ गंभीर घटनांची नोंद तोवर झाली होती.

म्हणून काय, सेन्सर फेकून द्यायचा? मुळीच नाही. साखर चढते आहे की उतरते आहे, रात्री झोपेत किती खाली जाते, भाताने किती वाढते आणि भाकरीने किती, हे एका थेंबातून कधीच कळत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याला ती माहिती मोलाची आहे. चाल सेन्सरवर पाहावी, निर्णयाच्या वेळी शंका आली तर बोट टोचावे. कंपन्याही आपल्या माहितीपत्रकात हेच लिहितात, की आकडा आणि अंगातले लक्षण जुळत नसेल तर बोटाचे रक्त तपासा.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. हात साबणाने धुवा, कोरडे करा, मग बोटाच्या कडेला टोचा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर यंत्राची वाट न बघता तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांनी बोट टोचून बघा, कारण सेन्सर तेव्हाही मागेच असतो. आकडा कमी दिसला आणि मीटर जवळ नसेल तरी साखर घ्या, ती चूक परवडते. मात्र नुसता चढा आकडा बघून मनाने इन्सुलिन वाढवू नका. आणि न टोचता साखर सांगणारी घड्याळे, अंगठ्या बाजारात दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. अशा एकाही वस्तूला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे.

आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना चार शब्द. सेन्सरला काही हजार रुपये पडतात आणि दोन आठवड्यांत तो संपतो. तो मुंबईचा मुलगा आणील किंवा न आणील. पण ज्याचा मुलगा मुंबईत नाही, त्याने काय करायचे? आपल्या उपकेंद्रात मीटर आहे का, पट्ट्या आहेत का, त्यांची मुदत उरली आहे का, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा आणि इतिवृत्तात नोंदवा. गाव आरोग्य समितीचा अबंधित निधी कशावर खर्च होतो तेही पाहा. गावात इन्सुलिन घेणारे किती, याची यादी आशाताईंकडून करून घ्या.

दंडावरचा सेन्सर ज्याला परवडेल त्याने जरूर लावावा. धुतलेल्या बोटाचा एक थेंब तपासायची सोय मात्र वाडीतल्या प्रत्येकाला मिळाली पाहिजे.