पाच वाजले, पण कोणाचे?



२०२४ च्या मे महिन्यात आमच्या साताऱ्यातील नववीची एक मुलगी विज्ञान-सहलीसाठी जपानला गेली. मुलगी धावपटू. रोज पहाटे पाचला उठून मैदान गाठणारी. निघताना तिच्या शाळेच्या पी.टी.च्या सरांनी बजावले, ‘जग इकडचे तिकडे होवो, पाचचा नियम मोडायचा नाही.’ तिने तो मोडला नाही. टोकियोत पहिल्याच दिवशी पाचला उठून ती धावली, चक्कर येऊन फुटपाथवर बसली, आणि पुढचे तीन दिवस व्याख्यानांत पेंगत राहिली. एवढ्या लांब जाऊन जे पाहायचे त्यातले निम्मे पापण्यांआड गेले. ‘माझाच निश्चय कमी पडला,’ असे ती मला म्हणाली, म्हणून हा लेख. निश्चय मुळीच कमी पडला नव्हता. हिशेब चुकला होता.

आता हिशेब पाहू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. जपानची प्रमाणवेळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. टोकियोत पहाटेचे पाच वाजतात तेव्हा साताऱ्यात मध्यरात्र उलटून दीड तास झालेला असतो. हातावरचे घड्याळ विमानात फिरवून घेता येते, पण शरीरातले घड्याळ तसे फिरवता येत नाही.

हे शरीरातले घड्याळ म्हणजे कविकल्पना नव्हे. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवले, तरी त्याची पाने ठरल्या वेळी उघडत व मिटत राहिली. फळमाशीच्या पेशींत हे घड्याळ कसे चालते ते उलगडणाऱ्या तिघा संशोधकांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाचे मुख्य घड्याळ मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या चेतातंतूंच्या जवळच असते. त्याचा एक फेरा सरासरीने २४ तासांहून किंचित मोठा असतो, आणि रोजचा सूर्यप्रकाश त्याला जुळवून घेतो. नव्या देशात गेल्यावर ते दिवसाला साधारण तासभर सरकते. त्याची स्वाभाविक ओढ मागे पडण्याकडे असल्यामुळे पश्चिमेचा प्रवास सोसतो आणि पूर्वेचा जड जातो.

गंमत पुढेच आहे. आपल्या शरीराचे तापमान पहाटे, रोजच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन-तीन तास, सर्वांत कमी होते. त्या क्षणाआधी डोळ्यांवर उजेड पडला तर घड्याळ मागे सरकते, नंतर पडला तर पुढे. आमच्या मुलीचा तो क्षण भारतीय वेळेने रात्री दोन-तीनच्या दरम्यानचा. टोकियोत मेअखेरीस सूर्य साडेचारच्या सुमारास उगवतो. म्हणजे पाचला लख्ख उजेडात धावून तिने आपले घड्याळ जिकडे न्यायचे त्याच्या उलट दिशेला ढकलले! तीच मुलगी आठ वाजता, म्हणजे भारतीय साडेचारला, बाहेर पडली असती, तर तोच सूर्य तिच्या मदतीला आला असता. मग रोज तासभर अलीकडे येत तीन-चार दिवसांत तिला आपले पाच गाठता आले असते. लंडनला जाणाऱ्याने याच्या उलट करावे: जूनमध्ये तिथे रात्री आठलाही ऊन असते, त्या उन्हात भरभर चालावे.

काही जण दुसरे टोक गाठतात. ‘प्रवासात कसला व्यायाम? परत आल्यावर पाहू.’ हेही मला पटत नाही. व्यायामानेसुद्धा शरीराचे घड्याळ थोडे सरकते, जरी प्रकाशाइतके नाही. आणि सर्वांत अडचणीचा प्रवास कोणाचा? आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील अंतराळवीरांचा. दिवसात सुमारे १६ सूर्योदय! प्रत्येक सूर्योदयाला बारा सूर्यनमस्कार घालायचे म्हटले तर १९२ होतील. ते ग्रिनिचची वेळ धरून झोपतात-उठतात आणि दिवसाला सुमारे दोन तास व्यायाम करतात, कारण वजनरहित अवस्थेत स्नायू व हाडे झिजतात. तेव्हा व्यायाम टाकू नका. पहिले दोन दिवस जोर-बैठका निम्म्या करा, धावण्याऐवजी चाला, पण बाहेर उजेडात, आणि वेळ आधी कागदावर मांडून.

ते सर परवा भेटले. म्हणाले, ‘वेळच सोडली, मग शिस्त कसली?’ मी खिशातून कागद काढला. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, सातारा ७४ वर. फरक साडेआठ अंश, अंशाला चार मिनिटे, म्हणजे ३४ मिनिटे. ‘सर, तुमच्या मैदानावर घड्याळात पाच वाजतात तेव्हा वर्षाच्या सरासरीने सूर्याचे चार वाजून सव्वीस मिनिटे झालेली असतात. तुम्ही कोणाचे पाच पाळता?’ सरांनी कागद घडी करून खिशात घातला. अजून उत्तर आलेले नाही.