यमुना कोठे गेल्या? एका नावाचा इतिहास आणि तो पुसणारी प्रथा

१/ कल्याणच्या जोशी घराण्यात १८६५ मध्ये एक यमुना जन्मली. तिच्या आधी तीन वर्षे, १८६२ मध्ये, देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकर घराण्यात दुसरी यमुना जन्मली होती. महाराष्ट्र या दोघींना ओळखतो. मात्र यमुना म्हणून नव्हे. पहिली डॉ. आनंदीबाई जोशी, दुसरी रमाबाई रानडे.

२/ 'जुन्या काळातील लोकप्रिय मराठी नावे' अशा याद्या समाजमाध्यमांवर नित्य फिरत असतात. आनंदी, रमा, लक्ष्मी ही नावे त्यांत मानाने मिरवतात. यमुनेविषयी मात्र दोन विधाने ठरलेली असतात: नाव फारसे प्रचलित नव्हते, आणि त्यात 'यम' असल्याने ते अशुभ मानले जाई. दोन्ही विधाने तपासणीत टिकत नाहीत.

३/ प्रथम अर्थ. संस्कृतात 'यम' या शब्दाचा एक मूळ अर्थ 'जुळा' असा आहे. ऋग्वेदात यम आणि यमी ही जुळी भावंडे आहेत. पुढे पुराणांनी यमी आणि यमुना नदी एकच मानली. ती सूर्याची कन्या. भाऊबीजेचे दुसरे नाव यमद्वितीया. त्या दिवशी यम बहिणीच्या घरी जेवायला जातो, अशी कथा आहे. ज्या नावाशी बहीणभावाचा सण जोडलेला आहे, ते अशुभ कसे?

४/ आता प्रचार. बाबा पदमनजी यांनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिले, तेव्हा विधवांची दुःखे पाहणाऱ्या नायिकेला त्यांनी यमुना हे नाव दिले. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये आपली कहाणी सांगणारी स्त्रीही यमूच. घरोघरच्या मुलीची कथा सांगायला निघालेल्या दोन लेखकांना हेच नाव सुचते. ते दुर्मीळ असते तर सुचले नसते.

५/ मग या यमुना गेल्या कोठे? उत्तर लग्नमंडपात आहे. ताम्हणात तांदूळ पसरायचे, सोन्याच्या अंगठीने त्यांवर वधूचे नवे नाव लिहायचे, आणि तेथून पुढे तिला त्याच नावाने हाक मारायची. १८७३ मध्ये अकरा वर्षांची यमुना रमा झाली. १८७४ मध्ये नऊ वर्षांची यमुना आनंदी झाली.

६/ ही दोनच उदाहरणे नव्हेत. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई माहेरच्या मणिकर्णिका. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक याही माहेरच्या मनकर्णिकाच. लोकमान्य टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरच्या तापी. तापी हीदेखील पुराणांत सूर्यकन्या, म्हणजे यमुनेची बहीण.

७/ सुधारकांची घरेही याला अपवाद नव्हती. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह करून समाजाचा रोष पत्करला. बहिष्काराला न भिणाऱ्या त्या विवाहातही गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्याच. वैधव्याची रूढी मोडली. नाव बदलण्याची रूढी कोणाला खुपली नाही.

८/ आक्षेप येतो: नवे नाव हा सन्मान होता. सन्मान असता तर तो कधीतरी वरालाही मिळाला असता. गोपाळराव गोपाळरावच राहिले, महादेवराव महादेवरावच. नऊ वर्षांच्या मुलीची संमती विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता.

९/ दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आनंदीबाईंनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात वैद्यकीय पदवी मिळवली ती आनंदी या नावानेच, ते नाव त्यांनी स्वकर्तृत्वाने आपलेसे केले. हे खरे आहे. म्हणून त्यांना आज यमुनाबाई म्हणावे, अशी मागणी कोणी करू नये. प्रश्न इतिहासाच्या नोंदीचा आहे.

१०/ ख्यातनाम विवाहित स्त्रियांची नावे मोजून 'त्या काळी मुलींची कोणती नावे लोकप्रिय होती' हे सांगता येत नाही. त्या मोजणीतून सासरच्यांची आवड कळते. आईवडिलांनी पाळण्यात कोणते नाव ठेवले, ते कळत नाही. सासरी यमुना हे नाव मिळालेल्या स्त्रियाही असणारच. म्हणजे ही मोजणी दोन्ही बाजूंनी फसवी आहे.

११/ पुरावा मात्र पुरता नष्ट झालेला नाही. आत्मचरित्रांत, पत्रांत, कित्येक कुलवृत्तान्तांत माहेरचे नाव सापडते. सर्वांत जवळचे साधन घरातच आहे: आजी. तिच्या आईचे माहेरचे नाव तिला बहुधा आठवत असेल. ते आज विचारून वंशावळीत लिहिले नाही, तर एका पिढीनंतर ते सांगणारे कोणीही उरणार नाही. आणि मग पुढची यादी पुन्हा हेच सांगेल की यमुना नावाच्या मुली फारशा नव्हत्याच.